पोळी सोडलेला जावई

ह्यांनी पोळी सोडली तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. ह्यांची खुळं मी लग्नापासून बघत आलेय. एकदा कारल्याचा रस झाला, मग मेथीचं पाणी झालं, मध्ये एकदा उलटं चालणं झालं, तेही देवासच्या टेकडीवर, देवीला जाणारे लोक थांबून बघत असताना. पण पोळीचं खूळ गेलं नाही. पोळीपाठोपाठ भात गेला, बटाटा गेला, सकाळचे पोहे गेले, रविवारचे दाल-बाफले गेले. आमच्या माळव्यात एखाद्यानं पोहे नको म्हटलं की लोक आधी विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना.

कारण साखर होती. ह्यांना मधुमेह होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, गोळ्या वाढत चालल्या होत्या आणि आता पुढची पायरी इन्सुलिनची, असं सांगून झालं होतं. ह्यांच्या कारखान्यात मेंटेनन्सला एक जण आहे. त्याची साखर उतरल्याचा सगळीकडे बोभाटा झाला, तेव्हा त्यानं ह्यांना चहाच्या सुट्टीत सांगितलं, "भिया, रोटी छोड़ दो, बाकी अपने आप बैठ जाएगा." एवढ्यावर ह्यांनी ठरवलं. मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडले तेव्हा साधी जिलेबी सुटली नव्हती, हे मी त्याच दिवशी बोलून घेतलं.

मग आमच्या घरात पनीर, पालेभाज्या, शेंगदाणे, तूप आणि अंडी यांचं राज्य आलं. अंडं आमच्या स्वयंपाकघरात कधी शिजलेलं नाही. तेव्हा बाल्कनीत विजेची शेगडी आणि एक वेगळं पातेलं, अशी तडजोड झाली. शाळेत दिवसभर गणित शिकवायचं आणि घरी येऊन बाल्कनीत उभ्यानं अंडी सोलायची. समोरच्या इमारतीतल्या जैन काकू मोहनखेड्याच्या यात्रेला नेमानं जाणाऱ्या, त्यांनी माझ्याशी बोलणंच कमी केलं.

पण साखर उतरली. खोटं कशाला बोलू, उतरली. सकाळी बोट टोचून हे मशीनवरचा आकडा मला मोठ्यानं सांगायचे, आणि तो इतका खाली यायला लागला की मशीन बिघडलं असेल म्हणून मी माझंही बोट टोचून पाहिलं. मशीन बरोबर होतं. आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती, पण तिथंच घोळ झाला.

गोळ्या तेवढ्याच होत्या. त्यातली एक अशी, की पोटात काही असो नसो, ती साखर खाली ओढणारच. तीन वेळा पोळी-भात खाणाऱ्या माणसाच्या हिशेबानं लिहिलेली. पोळी गेली, गोळी राहिली. आणि ती लिहून दिली होती माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं.

दादा धारला डॉक्टर आहे. पुढे दवाखाना, मागे घर. मांडूच्या बाजूच्या खेड्यांतून लोक मोटारसायकलवर म्हाताऱ्यांना मध्ये बसवून त्याच्याकडे आणतात. ह्यांचा मधुमेह त्यानंच पकडला होता. तेव्हापासून ह्यांच्या लेखी दादाचा शब्द शेवटचा. मी काही म्हटलं की "बघू", दादानं म्हटलं की "हो". पोळी सोडायची गोष्ट तेवढी ह्यांनी त्याला न विचारता केली, आणि मग सांगायची वेळ आली तेव्हा फोन माझ्या हातात दिला.

"ते कीटो-बिटो माझ्यापुढे काढू नकोस," दादा म्हणाला. "मोबाइलवरचे डॉक्टर आहेत सगळे. आपण पिढ्यान्‌पिढ्या धान्यावर वाढलेली माणसं. किडन्या जातील, मग रडत याल माझ्याकडे."

"अरे, पण साखर उतरलीय."

"उतरणारच. उपाशी ठेवलं तर कुणाचीही उतरेल."

"उपाशी कुठे, तुपात लोळतायत नुसते."

"मग हार्टचं बघा आता," म्हणाला, आणि फोन ठेवला.

दादा काही मूर्ख नाही. त्याच्याकडे एक जवान माणूस आणला होता, त्यानं असलाच कुठला व्हिडिओ बघून इन्सुलिन बंद केलं होतं. दवाखान्यात आणला तेव्हा धापा टाकत होता. दादानं स्वतःच्या गाडीत घालून इंदूरला पळवला, पण तो वाचला नाही. तेव्हापासून कुणी धान्य सोडायचं नाव काढलं की दादाच्या डोळ्यांपुढे तो माणूस येतो, हे मला वहिनीनं सांगितलं होतं. मला ते समजत होतं. पण त्या माणसानं औषध सोडलं होतं आणि आमच्याकडे औषधच जास्त होत होतं. एवढा साधा फरक त्याला ऐकूनच घ्यायचा नव्हता, म्हणून माझा जळफळाट व्हायचा.

मग एका संध्याकाळी भाजी बाजारात हे दुधी हातात धरून उभे राहिले. नुसते उभे. भाजीवाली भाव सांगतेय, हे तिच्याकडे बघतायत, कपाळावरून घाम निथळतोय. मी विचारलं, काय होतंय, तर म्हणाले, "घर कुठल्या बाजूला?" शेजारच्या दुकानातून गुळाचा खडा घेऊन ह्यांच्या तोंडात कोंबला. थोड्या वेळानं माणूस भानावर आला आणि मलाच म्हणाला, "गूळ कशाला दिलास? बंद आहे ना आपला."

घरी आल्याबरोबर मी दादाला फोन लावला. वाटलं, आता तरी ऐकेल.

"बघ," तो म्हणाला. "सांगत होतो ना? पोळी सोडली की हेच होणार."

"पोळीनं नाही, गोळीनं झालंय. गोळी कमी कर."

"आधी पोळी चालू करा, मग गोळीचं बघू."

इकडे हे म्हणतात, दादांनी सांगितल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही. तिकडे दादा म्हणतो, पोळी खाल्ल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही. दोघं एकमेकांना मान देतायत, आणि त्या मानापायी माणूस बाजारात घराचा रस्ता विसरतोय. शाळेतल्या पोरांना मी किचकटातली किचकट समीकरणं सोडवून देते, पण हे काही मला सुटेना. इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी तोंड वर न करता छापील कागद पुढे सरकवला. सकाळी दोन रोटी, दुपारी दोन रोटी आणि वाटीभर भात, चार वाजता मारी बिस्किटं. मी म्हटलं, हे तर सगळं बंद आहे आणि तरी साखर खाली जातेय. "मैडम, ये सब फैशन है, छह महीने में उतर जाएगा," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. देवासमधल्या डॉक्टरांनी हात वर केले, ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारा म्हणाले. फिरून फिरून दादाच.

मी रोज शाळेतून मधल्या सुट्टीत ह्यांना फोन करायला लागले. एकदा उचलला नाही तर फळ्यासमोर उभं राहवेना. हे जिना उतरतायत, हे स्कूटर चालवतायत, हे मशीनपाशी उभे आहेत, सगळं नको नको ते डोळ्यांपुढे यायचं. एकदा मनात आलं की मीच ती गोळी गुपचूप अर्धी करावी. पण डबी ते स्वतः भरतात आणि कारखान्यातल्या स्टोअरसारखी तपासतात.

अशात अधिक महिना आला, ऐन उन्हाळ्यात. धारहून आईचा फोन. "वाण घ्यायला दोघांनी यायचं हं. जावईबुवांना सांग, या खेपेला सबब चालायची नाही."

आमच्याकडे अधिकात जावयाला विष्णूच्या जागी मानून वाण देतात. तेहतीस अनारसे, बत्तासे, त्यावर तुपाचा दिवा. मग जेवायला धोंडे, म्हणजे कणकेच्या गोळ्यात पुरण भरून उकडलेले, वर तुपाची धार. वाण हातात पडेपर्यंत जावयानं काही खायचं नाही, हा आमच्या घराण्यातला नेम. मी दादाला म्हटलं, "साखरेच्या माणसाला पाटावर बसवून पुरण खायला घालणार तू?" तर म्हणाला, "एका दिवसानं काही होत नाही. धर्माचं वेगळं." मी फोन ठेवला आणि एकटीच हसले.

त्या दिवशी आम्ही उजाडताच देवासहून निघालो. ड्रायव्हर घेतला होता, ह्यांना गाडी चालवू द्यायला मी तयार नव्हते. ह्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि डबी काढली.

"अहो, आज ती गोळी राहू द्या. पोटात काही नाही."

"दादांना विचारलंस?"

मी तिथल्या तिथं फोन लावला. वहिनीनं उचलला. "वन्सं, ते सोवळ्यात आहेत, पूजेची तयारी चाललीय." मी म्हटलं, विचार तर खरं. ती आत जाऊन आली. "रोजचं रोज घ्यायचं, असं म्हणाले." ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाण्याबरोबर गोळी गिळली. इंदूरचा बायपास येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. मग बोलत राहिले, कारण बोलताना माणूस शुद्धीवर आहे की नाही ते कळतं.

धारला पोचलो तर सगळं मांडून तयार. फक्त गुरुजी नव्हते. आमच्या पद्धतीनं सांगणारे गुरुजी गावात आता एकच उरलेत, आणि अधिकात ते या घरून त्या घरी फिरत असतात. निघालेत, येतायत, कोपऱ्यावर आलेत, असं करत करत उन्हं वर चढली. हे सोफ्यावर सासुरवाडीच्या शिष्टाचारानं ताठ बसलेले. मी दोनदा जवळ जाऊन विचारलं, काहीतरी खाता का. दोनदा म्हणाले, "बरं दिसत नाही." जावई माणूस सासुरवाडीला तहानेनं मरेल पण पाणी मागणार नाही, ही जी काही जात आहे ना, तिच्यापुढे मी हात टेकलेत.

शेवटी गुरुजी आले, आम्ही दोघं पाटावर बसलो. समोर सोवळ्याचा कद नेसलेला दादा, शेजारी वहिनी, खुर्चीवर आई. गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली. घाम सगळ्यांनाच येत होता, त्यामुळे ह्यांच्या ओठांवरचा घाम मला उशिरा दिसला. गुरुजी म्हणाले, अक्षता सोडा. ह्यांची मूठ तशीच मिटलेली. गुरुजींनी पुन्हा सांगितलं. तेव्हा हे त्यांच्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "शिफ्ट बदल गई क्या?"

वहिनी हसली, तिला थट्टा वाटली. मी उठून उभी राहिले. "दादा, मशीन आण."

दादानं एकदा ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठला. सोवळ्यातला माणूस तसाच दवाखान्यात धावला, मशीन घेऊन आला, ह्यांच्या बोटाला टोचलं. आकडा आला. दादानं तो मला दाखवला नाही, पण त्याचा चेहरा मी लहानपणापासून वाचतेय. त्यानं वाणाच्या ताटातले बत्तासे उचलले, वरचा दिवा बाजूला केला, बत्तासे पेल्यातल्या पाण्यात चुरले आणि ह्यांचा जबडा धरून घोट घोट पाजलं. देवाला न दाखवलेलं. गुरुजी थांबून राहिले. आई एवढंच म्हणाली, "पाज रे, सगळं पाज."

दादा घड्याळाकडे बघत ह्यांचा हात धरून बसला होता. मी त्याच्या मागे उभी. इतके महिने जे भांडण फोनवर चाललं होतं ते आता समोर पाटावर घामानं भिजून बसलं होतं, आणि त्याला स्वतःचं नावही सांगता आलं नसतं. मला दादाचा इतका राग कधी आला नव्हता. आणि त्याच वेळी तो तिथं आहे म्हणून माझे पाय जमिनीवर होते.

हळूहळू ह्यांची नजर जागेवर आली. आधी त्यांनी गुरुजींची माफी मागितली, मग दादाची. दादानं राहिलेले बत्तासे पुन्हा ताटात रचले, दिवा पुन्हा लावला, वाण हातात पडलं. पंगत बसली. आईनं धोंडे आणले, ह्यांच्या पानापाशी वाकली. ह्यांनी दादाकडे पाहिलं.

"त्यांना वाढू नकोस, आई," दादा म्हणाला. "त्यांना ताक दे आणि भाजी. तूप घाल वर."

आई तशीच वाकलेली राहिली. जावयाला वाण देऊन धोंडा न वाढणं तिच्या आयुष्यात घडलेलं नव्हतं. तिनं दोन्ही धोंडे माझ्या पानात वाढले आणि आत गेली.

जेवण झाल्यावर मी दादाला मधल्या खोलीत गाठलं. घर आणि दवाखाना यांच्यामध्ये एक पडदा आहे, त्याच्या अलीकडे. तो कद सोडून शर्ट घालत होता.

"आता तरी गोळी कमी कर."

"सकाळी निघताना पोळी खाल्ली असती तर..."

"तर तर तर. बास कर रे. अजून किती वेळा हे मरायला टेकले म्हणजे तू लिहिणार आहेस?" माझा आवाज चढला होता. "तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट पाठवला होता तुला. उघडलास? नाही उघडलास. तुला बघायचंच नव्हतं."

मी मोबाइलवर रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला. एकदा वाचलं. मग आदल्या वर्षीचा दाखव, म्हणाला. तोही दिला. तो दोन्ही पुढे-मागे करून बघत राहिला. मला वाटलं, आता किडनी काढेल, आता हार्ट काढेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. महिनोन्‌महिने तीच घोकत होते.

"ही सकाळची गोळी बंद. दुसरी अर्धी करा," तो म्हणाला. "आणि रोजचे आकडे मला पाठवत जा. मी बघेन."

मी श्वास सोडला. इतकंच हवं होतं मला.

त्यानं मोबाइल परत दिला नाही. "बाबांना भूक नसायची," तो म्हणाला. "आठवतं?"

आमच्या बाबांनाही साखर होती. दादा नुकताच डॉक्टर झालेला, घरचा पहिला पेशंट बाबाच. बाबांचं सगळं त्यानं हातात घेतलं होतं, औषधं, खाणं, सगळं. त्यांचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटची वर्षं ते या घराच्या पुढच्या खोलीत खाटेवर होते, आणि दादा रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी त्यांची जखम स्वतः बांधायचा.

"पोळी नको म्हणायचे," दादा म्हणाला. "ताक द्या नुसतं, म्हणायचे. मी रागवायचो. समोर बसून खायला लावायचो. गोळी घेतलीय, धान्य पोटात गेलंच पाहिजे. साखर वाढली की गोळी वाढवायचो, गोळी वाढली की पोळी."

"दादा, असं नसतं रे," मी म्हणाले. "प्रत्येकाची प्रकृती वेगळी. बाबांचं दुखणं जुनं होतं. ह्यांना चाललं ते त्यांना चाललंच असतं असं कुठाय? आणि हे तरी किती दिवस चालेल कुणाला ठाऊक. उद्या किडनीचं काही निघालं तर?"

मी बोलत सुटले होते. इतके महिने तो जे जे मला फोनवर सांगत होता, ते सगळं मी त्याला परत सांगत होते, आणि त्यानं ते खरं मानावं म्हणून माझा जीव तुटत होता. त्यानं ऐकून घेतलं.

"हेच मी सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला.

त्यानं मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि पडदा सारून दवाखान्यात गेला. अधिक असो, काही असो, दुपारचे पेशंट येऊन बसले होते. मला पडद्यातून एक म्हातारा दिसला. धोतर, पांढरा फेटा, एका पायाला पट्टी. दादानं खाली बसून ती पट्टी सोडली.

"काकाजी," त्यानं विचारलं, "रोटी कितनी खाते हो?"

"जितरी आपने बोली थी, साब," म्हातारा म्हणाला. "भूख नी लगे तो भी पूरी खऊँ. एक भी कम नी करी."

मी तिथून वळून घरात गेले. पुढचं मला ऐकवलं नसतं.